लॅक्स्टन: बांध नसलेली शेतं आणि त्यांची राखण करणारे पंच

रानवाटा
नॉटिंगहॅमशायरमधलं लॅक्स्टन हे छोटं गाव इंग्लंडच्या ग्रामीण वारशाबद्दल बोलताना हमखास निघतं. पण तिथे जाऊन आलेल्यांपैकी बरेच जण म्हणतात, "पाहण्यासारखं विशेष काही नाही. एक चर्च, एक पब, लाल विटांची घरं आणि मोकळी शेतं." मला वाटतं काय पाहायचं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. या गावाचा वारसा म्हणजे तिथले शेतीचे नियम, आणि ते आजही चालू आहेत. तीन मोठी सामाईक शेतं, त्यांत वेगवेगळ्या कुळांचे पट्टे, पीक कुठलं घ्यायचं हे सगळ्यांसाठी ठरलेलं, आणि अतिक्रमण झालं तर गावचेच पंच दंड करणार.

जाणकारांनी इथे नीट लिहावं: ही व्यवस्था प्रत्यक्षात कशी चालते, तिच्यातलं खरोखर जुनं किती, आणि एका दिवसाच्या फेरीत काय बघावं?

मिडलंड्सकर
सुरुवात शेतांपासून करतो. आज तीन शेतं उरली आहेत: वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड. तिन्ही मिळून साधारण ४८० एकर. 'शेत' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येतं त्यापेक्षा हे फार मोठं प्रकरण आहे. एकेक फील्ड म्हणजे शंभराहून जास्त एकरांचा सलग, कुंपण नसलेला तुकडा, आणि त्यात अनेकांचे पट्टे.

फेरपालट तीन वर्षांची. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक (बार्ली, वाटाणा, बीन्स), तिसरं पडीत. हल्ली तिसऱ्या वर्षी नुसतं पडीत न ठेवता चाऱ्याचं गवतही घेतात. पुढच्या वर्षी सगळं एक घर पुढे सरकतं. म्हणजे वेस्ट फील्डमध्ये यंदा गहू असेल तर तिथे पट्टा असलेल्या प्रत्येकाने गहूच घ्यायचा. मधल्या एखाद्याने "मी मोहरी पेरतो" म्हटलं तर चालत नाही.

शेतांच्या अधेमधे न नांगरलेल्या गवताच्या चिंचोळ्या जागा आहेत. त्यांना साइक म्हणतात. ओल धरणारे सखल भाग, ओहोळाचे काठ, नांगर नेणं अवघड असे उतार. त्यांच्यातलं गवत दर उन्हाळ्यात लिलावाने विकलं जातं.

नांगरफाळ
पट्टे विखुरलेले का, हा प्रश्न पुढे येणारच, म्हणून आधीच लिहितो. एकाच शेताच्या आत माती सारखी नसते. वरच्या अंगाला निचरा बरा, खाली चिकण. प्रत्येकाला प्रत्येक भागात थोडं थोडं मिळालं की ओल्या वर्षी कुणा एकाचंच सगळं बुडत नाही. शिवाय जुन्या काळी आठ बैलांचा नांगर एका घराला परवडत नसे. बैल चौघांचे, नांगर पाचव्याचा, मग आज तुझा पट्टा, उद्या माझा. जमिनीची अशी वाटणी या नांगरटीच्या क्रमाला धरून होती, असं मानणारे अभ्यासक आहेत आणि मला ते पटतं.

ढेकूळ
म्हणजे बांध कोरायची चिंताच नाही, कारण बांधच नाही :)

मिडलंड्सकर
ढेकूळ, उलट आहे. बांध नाही म्हणूनच कोरणं सोपं! दोन पट्ट्यांच्या मध्ये फक्त एक खोल तास असतो. शेजाऱ्याच्या बाजूला दरवर्षी वीतभर जास्त नांगरलं तर दहा वर्षांत त्याचा अख्खा तास गेला. रस्त्याच्या आणि साइकच्या कडेला तर मोह आणखी मोठा, कारण तिथे तक्रार करायला समोर शेजारी उभा नसतो.

त्यासाठीच पंच आहेत. नोव्हेंबरअखेरच्या आठवड्यात 'ज्युरी डे' असतो. त्या वर्षी ज्या शेतात गहू पेरलेला आहे तेच शेत तपासायचं. पेरणी झालेली असते, कोंब वर आलेले असतात, त्यामुळे कोण कुठपर्यंत घुसलाय ते हिरव्या रेषेवरून लगेच दिसतं. पंचांची मंडळी ट्रॅक्टर-ट्रॉलीतून शेतावर जातात, सोबत लाकडी खुंट्यांचा भारा. हद्दीची रेघ साधून खुंट्या ठोकत जातात. खुंटीच्या पलीकडे कोंब दिसले की अतिक्रमण. चर साफ केलेले आहेत का, वाट नांगरली गेली आहे का, हेही पाहतात. मग पबमध्ये जेवण आणि तिथेच दंडाचा निर्णय.

आठवड्याभराने कोर्ट लीट, म्हणजे जहागिरीचं जुनं न्यायालय, भरतं. जागा तीच, डव्हकोट इन. जहागिरीच्या वतीने स्टुअर्ड (कारभारी) अध्यक्षस्थानी असतो, बेलिफ पुकारा करतो, पंच आपला अहवाल ठेवतात आणि पुढच्या वर्षी गव्हाखाली येणाऱ्या शेतासाठी नवे पंच शपथ घेतात. दंडाची रक्कम किरकोळ. पण आपलं नाव सगळ्या गावासमोर वाचलं जातं, आणि ज्यांनी खुंट्या ठोकल्या त्यांच्याशी वर्षभर रोजचा संबंध असतो.

रानवाटा
या पंचांना कायद्याने काही अधिकार आहे की परंपरा म्हणून चालू आहे?

जुनेकागद
आहे, आणि हीच लॅक्स्टनची सर्वांत वेगळी बाब. इंग्लंडमध्ये इतर काही ठिकाणीही कोर्ट लीट भरतं, पण ते समारंभापुरतं. १९७७ च्या अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस अ‍ॅक्टने अशा जुन्या जहागिरी न्यायालयांचा खटले चालवण्याचा अधिकार काढून घेतला. त्यातून लॅक्स्टनचं कोर्ट लीट नाव घेऊन वगळलं. म्हणून तिथला दंड खरा दंड आहे.

सरळसोट
थोडं पाणी ओततो. 'मध्ययुगीन शेती जशीच्या तशी' असं पर्यटनाच्या पत्रकांत लिहिलेलं असतं ते बरोबर नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जमीनमालक अर्ल मॅनव्हर्स यांनी पट्ट्यांची फेरमांडणी केली, लहान पट्टे जोडून मोठे केले. पूर्वी गावाची बहुतेक शेतजमीन खुली होती, आता निम्म्याहून जास्त कुंपणात आहे. चौथं ईस्ट फील्ड तर गेलंच. आज तिथे कम्बाइन हार्वेस्टर चालतो, गव्हाचं बियाणं आधुनिक, खत-औषध आधुनिक. मग उरलं काय? तीन वर्षांची फेरपालट तर कुठलाही शहाणा शेतकरी करतो.

जुनेकागद
सरळसोट, फेरमांडणीबद्दलची तुमची माहिती बरोबर, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. मध्ययुगातही पट्टे गोठलेले नव्हते. विकले जात, जोडले जात, लग्नात जात. १६३५ सालची मार्क पिअर्स यांची मोजणी पाहा. नकाशा आणि सोबत पट्ट्यांची नोंदवही, दोन्ही ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहेत. वहीत एकेक पट्टा, धारक कोण, क्षेत्र किती. आपल्या भाषेत सांगायचं तर सात-बाराच. त्या वहीतसुद्धा कुणाकडे पट्ट्यांचे गठ्ठे आहेत आणि कुणाकडे सुटे तुकडे. बदल हा व्यवस्थेचाच भाग होता. टिकून राहिलं ते एकत्र पीक ठरवणं आणि एकत्र तपासणं.

नकाशाबद्दल आणखी एक. पिअर्स यांनी शेतांत माणसं काढली आहेत: नांगरणारे, कापणी करणारे, शिकार करणारे. पट्ट्यांच्या बारीक रेघांमधली ही चित्रं शांतपणे बघण्यासारखी आहेत.

आणि मराठी वाचकांसाठी खास: ही मोजणी करवून घेतली ती लॅक्स्टनची जहागीर विकत घेतलेल्या सर विल्यम कोर्टेन या व्यापाऱ्याने. त्याच वर्षी, डिसेंबर १६३५ मध्ये, पहिल्या चार्ल्स राजाने ईस्ट इंडिया कंपनीला डावलून कोर्टेनच्या मंडळीला पूर्वेच्या व्यापाराचा परवाना दिला. कॅप्टन जॉन वेडेलचा ताफा एप्रिल १६३६ मध्ये निघाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गोव्याला पोचला. कोर्टेन मात्र ताफा वाटेत असतानाच वारला.

कावेरी_जो
कारवारची वखार याच मंडळीची ना? १६३८?

जुनेकागद
हो, तीच. मिऱ्यांसाठी. कोर्टेन असोसिएशन म्हणून पुढे कोकण-कानडा किनाऱ्याच्या कागदपत्रांत जे नाव येतं ते हेच. जहागिरीची मोजणी आणि मिऱ्यांची जहाजं, दोन्हींमागे एकाच माणसाची तिजोरी.

मोजणीदार
मोजणीचा विषय निघालाच आहे तर एकर आणि गुंठ्याचं नातं इथेच मांडतो, कारण ते थेट या पट्ट्यांशी जुळतं.

इंग्लंडमधला नमुन्याचा एक एकराचा पट्टा ६६० फूट लांब आणि ६६ फूट रुंद. ६६० फूट म्हणजे एक फर्लांग, बैलांना दम न लागता एका दमात ओढता येईल तेवढा तास. ६६ फूट म्हणजे चार रॉड, एक रॉड साडेसोळा फुटांचा. १६२० च्या सुमारास एडमंड गंटरने हीच रुंदी धरून ६६ फुटांची मोजणीची साखळी केली.

मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीत याच्या निम्म्या लांबीची, ३३ फुटांची साखळी आली. तिचे सोळा भाग, एकेक भाग म्हणजे आणा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे ३३ बाय ३३ फूट, हाच आपला गुंठा. आता ६६० भागिले ३३ म्हणजे २०, ६६ भागिले ३३ म्हणजे २. वीस दुणे चाळीस. एकराचे चाळीस गुंठे असे आले. आज पुण्यात कुणी 'दोन गुंठे' म्हणतो तेव्हा त्या आकड्यात इंग्लंडमधल्या बैलनांगराचा तास आहे!

लॅक्स्टनचे सगळे पट्टे अचूक एकराचे नव्हते, हेही सांगतो. अर्धा एकर, पाव एकर, उतारानुसार वाकडे-तिकडे. ६६० बाय ६६ हा हिशोबाचा नमुना, जमीन त्याला बांधील नाही.

ढेकूळ
मोजणीदार काका, दंडवत. गुंठा इंग्लंडच्या बैलांनी दिला हे आज कळलं.

नांगरफाळ
नुसता लांबीत नाही, बैलांचा परिणाम पट्ट्यांच्या आकारातही दिसतो. जुने पट्टे सरळ नसतात, उलट्या इंग्रजी 'एस'सारखे हलके वळलेले असतात. कारण असं: तो नांगर माती फक्त उजवीकडे पालथी करतो. पट्ट्याच्या मधोमध सुरुवात करून टोकाला उजवीकडे वळायचं आणि दुसऱ्या अंगाने परत यायचं, म्हणजे दोन्ही वेळा माती मध्याकडे पडते. पण आठ बैलांची लांबलचक रांग टोकाला एकदम वळत नाही. म्हणून टोक जवळ आलं की बैल आधी डावीकडे कलवायचे, त्यांना आडव्या धुऱ्यावर घ्यायचं, आणि मग उजवीकडे फिरवायचं. फाळ अजून मातीत असतानाच बैल कललेले, त्यामुळे तासाची टोकं वळतात.

पिढ्यान्‌पिढ्या माती मध्याकडे पडत राहिली की वरंबा उंच होतो आणि कडेला सरी खोल. चिकणमातीच्या गावात हाच निचरा. ओल्या वर्षी सरीतलं पीक कुजतं, वरंब्यावरचं वाचतं.

सूचना: खुल्या शेतांत आज हे वरंबे शोधत बसू नका. पलटी नांगर दोन्ही फेऱ्यांत माती एकाच बाजूला टाकतो, वरंबा तयार होत नाही, आणि जुनाही सपाट होतो. वरंबे टिकले ते नंतर कुंपण घालून कायमचं कुरण केलेल्या तुकड्यांत. हिवाळ्यात सकाळी किंवा दुपारी उशिरा, ऊन तिरपं असताना बघा. दुपारी बाराला तिथेच उभं राहिलात तरी काही दिसणार नाही.

हिरवा_चारा
साइकबद्दल मिडलंड्सकर यांनी दोन ओळींत आटोपलं, त्यात थोडी भर. या जागा कधी नांगरल्या गेल्या नाहीत आणि त्यांच्यावर खताचा मारा झाला नाही. खत पडलं की जोमदार गवतं उसळतात आणि नाजूक फुलझाडांना झाकून टाकतात. खत नाही, वर्षातून एकदा कापणी आणि कापलेलं गवत उचलून नेलेलं, यामुळे माती मुद्दाम हलकी राहते आणि फुलझाडं टिकतात. कापणी लवकर केली तर बी पडत नाही. कापून तिथेच टाकलं तर ते कुजून खत होतं, आणि काही वर्षांत फुलं कमी होतात. लॅक्स्टन साइक्स हे विशेष शास्त्रीय महत्त्वाचं संरक्षित क्षेत्र आहे ते यासाठी. गवताचा लिलाव म्हणून जपायला हवा. गवत कुणाला तरी हवं असेल तरच ते वेळेवर कापून उचललं जाणार.

दुसरं, सामाईक कुरण म्हटलं की ते ओस पडणारच, प्रत्येक जण जास्त जनावरं सोडणार, असं ठामपणे सांगितलं जातं. लॅक्स्टनमध्ये चराईचा हक्क मोजलेला होता. त्याला 'गेट' म्हणत आणि तो ठरावीक जनावरांपुरताच असे. हक्काबाहेरचं जनावर दिसलं की पिंडर नावाचा गावकामगार ते धरून कोंडवाड्यात घालणार, मालकाने पैसे भरून सोडवायचं. हा कोंडवाडा गावात अजून उभा आहे. आपल्याकडचा कोंडवाडा १८७१ च्या कॅटल ट्रेसपास अ‍ॅक्टने बांधला गेला, त्यामुळे आपल्या लोकांना तो समजावून सांगावा लागत नाही. आपल्या गायरानांचं जे झालं त्याच्याशी तुलना करताना हा मोजलेला हक्क आणि तो राबवणारा माणूस, दोन्ही विसरू नयेत.

सरळसोट
हिरवा_चारा, पटलं. पण मग माझा खरा मुद्दा पुढे येतो. व्यवस्था चालायला माणसं लागतात. पंच बसवायचे तर गावात शेती करणारी घरं पुरेशी हवीत. आणि खुल्या पट्ट्यांवर आजची यंत्रं चालवणं महाग पडतं. फवारणीच्या बूमची, म्हणजे नोझल बसवलेल्या आडव्या दांड्याची, रुंदी ठरलेली, समजा २४ मीटर. पट्टा ४० मीटरचा असेल तर दुसऱ्या फेरीत आठ मीटर दुबार फवारणी होते, नाहीतर तेवढे नोझल बंद करावे लागतात. वारा असेल तर तुमचं औषध शेजाऱ्यावर. पट्टे सुटे, म्हणून डिझेल आणि वेळ रस्त्यावर जातो. भारी चिकणमातीत ब्लॅकग्रास नावाचं तण गव्हात फोफावतं. शेजाऱ्याने ते बी धरेपर्यंत राहू दिलं की पुढच्या वर्षी तुमच्याकडे, कारण मध्ये कुंपण नाही आणि कम्बाइन दोघांकडे तोच.

नांगरफाळ
ब्लॅकग्रासच्या बाबतीत मात्र तीन शेतांचा नियम उपयोगी पडतो. हे तण मुख्यतः शरद ऋतूत उगवतं. वसंतातल्या पेरणीच्या आधी ते उगवून आलेलं मारता येतं, आणि पडीत किंवा गवताच्या वर्षी बी धरायच्या आत कापता येतं. गव्हावर गहू घेणाऱ्यांची जी फजिती होते ती इथे होत नाही. फेरपालट सगळ्यांनी एकत्र केल्यामुळे एकाचं स्वच्छ आणि शेजारी तण, असंही कमी होतं.

वसंतातल्या पिकाची अडचण वेगळी. चिकणमाती शरद ऋतूतच नांगरून ठेवावी लागते, म्हणजे थंडीत ढेकळांतलं पाणी गोठून ती फुटतात. ते राहून गेलं आणि मार्चमध्ये ओल्यात नांगर घातला तर विटांसारखे गठ्ठे निघतात, पेरणीलायक माती होत नाही.

जुनेकागद
कुंपण का पडलं नाही, तेही लिहून ठेवतो, नाहीतर लॅक्स्टन आपोआप वाचलं असं वाटेल. १६०४ ते १९१४ या काळात इंग्लंडमध्ये खुली शेतं आणि सामाईक जमिनी कुंपणात घालणारे ५,२०० हून अधिक कायदे झाले, सुमारे ६८ लाख एकरांसाठी. लॅक्स्टनमध्ये मालकी मोठे जमीनदार आणि लहान स्वतंत्र धारक यांच्यात विभागलेली, एकमत जमवणं आणि खर्च वाटणं जिकिरीचं, त्यात काळ गेला. तोवर शेतीमालाचे भाव पडले. पुढे ही व्यवस्था राखायची म्हणून १९५२ मध्ये अर्ल मॅनव्हर्स यांनी जमीन शेती मंत्रालयाला विकली, १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेटकडे (राजसत्तेच्या जमिनी सांभाळणारी संस्था) गेली आणि २०२० मध्ये थोरस्बी इस्टेटकडे, म्हणजे पुन्हा त्याच जुन्या घराण्याकडे. तिन्ही हस्तांतरांत कळीचा प्रश्न एकच होता: नवा मालक पंच आणि फेरपालट चालू ठेवणार का?

कावेरी_जो
डेव्हनमधलं ब्रॉन्टन ग्रेट फील्डही खुलं शेत आहे ना? मग लॅक्स्टनच एकमेव का म्हणतात?

मिडलंड्सकर
खुले पट्टे आणखी काही ठिकाणी आहेत. ब्रॉन्टन, लिंकनशायरमधला आइल ऑफ अ‍ॅक्सहोम, कॉर्नवॉलमधलं फोराबरी. तिथे जमिनीची मांडणी टिकली. सगळ्यांनी मिळून पाळायची तीन शेतांची फेरपालट आणि तिच्यावर देखरेख करणारं न्यायालय, हे दोन्ही चालू असलेलं लॅक्स्टनच.

रानवाटा
अपेक्षेपेक्षा खूप मिळालं. आता मूळ प्रश्नाचा शेवटचा भाग, एका दिवसात काय बघायचं?

मिडलंड्सकर
लंडनहून किंग्ज क्रॉस ते न्यूअर्क नॉर्थगेट रेल्वे, पुढे गाडी हवीच. डव्हकोट इनच्या आवारात माहिती केंद्र आहे, तिथले तक्ते आधी वाचा, म्हणजे कुठलं शेत यंदा कशाखाली आहे ते समजून बाहेर पडता येतं.

मग मुख्य रस्त्याने चाला आणि घरं बघा. शेतघरांची बाजूची भिंत रस्त्याला, मागे लांब अंगण आणि गोठे. बहुतेक शेतघरं गावातच, खुल्या शेतांवर घर नाही. ज्याचे पट्टे तिन्ही दिशांना, तो एका पट्ट्यावर घर बांधून काय करणार? कोंडवाडा इथेच वाटेत. सेंट मायकेल चर्चमध्ये एव्हरिंगहॅम या मध्ययुगीन जहागीरदार घराण्याच्या दगडी मूर्तींबरोबर एका स्त्रीची ओक लाकडाची मध्ययुगीन मूर्ती आहे, ती चुकवू नका. गावाच्या उत्तरेला नॉर्मन काळातल्या किल्ल्याचा मातीचा टेकाड आणि खंदक. दगडी बांधकाम शोधू नका, सगळं मातीकामच आहे.

शेतांत जाताना फक्त पायवाटा आणि साइकच्या कडेने. पट्ट्यातून आडवं जायचं नाही, पेरलेलं असतं. पाऊस झाला असेल तर गमबूट हवेत, तिथली चिकणमाती साधे बूट पायातून ओढून घेते.

हिरवा_चारा
फुलं बघायची तर जून. जुलैत कापणी सुरू झाली की साइक बोडका.

जुनेकागद
खुंट्या बघायच्या तर डिसेंबरचा पहिला आठवडा. ज्युरी डे नुकताच झालेला असतो, गव्हाच्या शेताच्या कडेने नव्या खुंट्या उभ्या असतात. खुंटी आणि कोंबांची रेघ यांच्यातलं अंतर बघा. हात मात्र लावू नका, कोर्ट बसेपर्यंत तो पुरावा आहे.

मोजणीदार
आणि ३३ फुटी टेप खिशात ठेवा. रस्त्यावरून एखाद्या पट्ट्याची रुंदी मोजून बघा किती साखळ्या भरतात, आणि इथे लिहा.